दोन रजिस्टरांत दडलेली दुखापत : नॉर्वेतल्या एका टेलिफोन कारखान्याचं प्रकरण

कारखान्यात कुणाचं बोट कापलं की अपघात रजिस्टरमध्ये नोंद होते. तारीख, वेळ, मशीन, साक्षीदार, सगळं येतं. पण पाच वर्षं एकाच जागी बसून वायरी जोडता जोडता ज्या बाईचा खांदा धरला, तिचं नाव त्या रजिस्टरमध्ये कधीच येत नाही. ती अधूनमधून रजा टाकते, ते हजेरीपुस्तकात जातं. मग एक दिवस यायचीच बंद होते, ते सोडून गेलेल्यांच्या यादीत जातं. गेटवरच्या फलकावर मात्र 'अपघाताविना इतके दिवस' हा आकडा रोज एकाने वाढत राहतो.

ही दोन रजिस्टरं शेजारी ठेवून वाचली गेली, असा एक कारखाना नॉर्वेच्या आग्नेय भागात, स्वीडनच्या सीमेजवळच्या कोंग्सविंगर या गावी होता. कंपनी 'स्टँडर्ड टेलिफोन ओग काबेलफाब्रिक', म्हणजे टेलिफोन आणि केबल बनवणारी. तिला सगळे एसटीके म्हणत. कोंग्सविंगरला टेलिफोन एक्स्चेंजचे भाग जोडले जात आणि जोडणीच्या कामावर बहुतेक बायका होत्या.

काम हलकं होतं. भट्टी नाही, धूर नाही, डोक्यावर ओझं नाही. आपल्याकडे अशा कामाला 'बसून करायचं काम' म्हणतात आणि मुलीला ते मिळालं की घरचे निर्धास्त होतात.

१९६७ ते १९७४ या आठ वर्षांच्या नोंदी काढल्या तेव्हा दिसलं ते असं : मान, खांदे, हात, पाठ यांच्या दुखण्यापायी गेलेली रजा कामाच्या एकूण वेळेच्या ५.३ टक्के होती. म्हणजे लाइनवर शंभर जणी असतील, तर कुठल्याही दिवशी पाच जणी केवळ स्नायू आणि सांधे दुखतात म्हणून घरी. आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण वर्षाला ३०.१ टक्के. शंभरातल्या तीस जागा दर वर्षी नव्याने भरायच्या, नव्या बाईला शिकवायचं, तिचा हात बसेपर्यंत थांबायचं, आणि हात बसला की खांदा दुखायला लागायचा.

शेवटचं वाक्य मी गंमत म्हणून लिहिलेलं नाही. या अभ्यासातला सगळ्यात बोचरा निष्कर्ष तोच होता : नोकरीची वर्षं वाढत गेली तशी दुखण्याची रजा वाढत गेली. दुखणं वयाचं किंवा 'बायकांची जात नाजूक' या समजुतीचं असतं, तर ते कामावर किती वर्षं झाली याच्याशी असं पावलागणिक चाललं नसतं.

टेबल कसं होतं

एक्स्चेंजची चौकट जागेवर घट्ट उभी. तिच्यात वायरी ओवायच्या, जोडायच्या, आवळायच्या. चौकटीची उंची ठरलेली, टेबलाची ठरलेली. कामाची जागा चौकटीच्या वरच्या कडेला आली की हात वर, खालच्या कडेला आली की पाठ वाकलेली. उंच बाई आणि बुटकी बाई, दोघींना एकच चौकट. हत्यार हातात धरूनच ठेवायचं. कोपराखाली टेकू नाही.

आता साधा हिशेब करा. माणसाचा एक हात, खांद्यापासून बोटांपर्यंत, त्याच्या वजनाच्या साधारण ५ टक्के असतो. ५५ किलोच्या बाईचा हात पावणेतीन किलोच्या आसपास भरतो. पावणेतीन किलोची पिशवी अंगापासून लांब धरून दिवसभर बसायला कुणाला सांगितलं, तर सुपरवायझरच म्हणेल की खाली ठेव. पण ती पिशवी म्हणजे स्वतःचाच हात असल्यामुळे ती कुणाला दिसत नाही.

खांद्यात काय चाललेलं असतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणाचं खरं मर्म टेबलापेक्षा स्नायूत आहे.

मानेच्या मागून निघून खांद्यावर पसरलेला ट्रॅपिझियस नावाचा स्नायू हात उचललेला असताना खांदा तोलून धरतो. कंपनीचे डॉक्टर आर्ने ओरोस आणि शरीरक्रियातज्ज्ञ रुने वेस्टगोर यांनी या स्नायूवर, कातडीवरून, इलेक्ट्रोड चिकटवले आणि काम चालू असतानाच त्याची विद्युत हालचाल मोजली. प्रत्येकीने आधी खांद्याने पूर्ण जोर लावून दाखवायचा. तो जोर म्हणजे १०० टक्के. मग कामाच्या वेळचा भार त्याच्या किती टक्के येतो ते बघायचं.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर रोमर्ट यांनी १९६० च्या सुमारास असं मांडलं होतं की पूर्ण ताकदीच्या १५ टक्क्यांपेक्षा कमी जोर स्नायू हवा तितका वेळ लावू शकतो. बरीच वर्षं हा आकडा सुरक्षित मर्यादा म्हणून वापरला गेला. कोंग्सविंगरच्या बायकांचा भार या मर्यादेच्या जवळपासही नव्हता. तरी त्या आजारी पडत होत्या.

मोजायची रीत बदलल्यावर उलगडा झाला. दिवसभराच्या सरासरीला फार अर्थ नाही. शोधायची ती अशी पातळी, की कामाच्या ९० टक्के वेळ भार तिच्या वरच असतो. याला स्थितिक भार म्हणतात. स्नायूला विसावा मिळतो की नाही, ते या आकड्यात कळतं. हा आकडा शून्याला टेकत असेल तर खांदा अधूनमधून पूर्ण सैल पडतो आहे. टेकत नसेल तर दिवसभरात त्याला खरी सुट्टी जवळजवळ नाही. जुन्या जागांवर हा स्थितिक भार चार टक्क्यांच्या थोडा वर होता. ऐकायला किरकोळ. पण स्वीडनचे बेंग्ट युनसन यांनी १९७० च्या दशकात दीर्घ कामासाठी जी मर्यादा सुचवली, ती २ टक्के होती, आणि कुठल्याही परिस्थितीत ५ च्या वर नको असं त्यांचं म्हणणं होतं.

चार टक्क्यांनी दुखापत कशी होते, याचं एक चांगलं स्पष्टीकरण पुढे १९९१ मध्ये योरान हेग या स्वीडिश संशोधकाने दिलं. स्नायू म्हणजे एक गडी नव्हे, गड्यांची टोळी असते. हलक्या कामाला सगळ्यात लहान तंतू आधी जुंपले जातात आणि जोर वाढला तर मोठे मागून येतात. काम संपताना मोठे आधी सुटतात, लहान शेवटी. म्हणजे स्नायू एकूण ४ टक्केच राबत असला, तरी ते मूठभर लहान तंतू सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबत असतात. हेग यांनी त्यांना सिंड्रेलाचं नाव दिलं. आपल्याला परीकथेपर्यंत जायची गरज नाही : घरात सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या नंतर आडवी होणारी सून डोळ्यांसमोर आणली की पुरे. घर आरामात आहे म्हणून ती आरामात आहे असं होत नाही.

१९७५ चा बदल

बदल कुठल्या अर्थाने क्रांतिकारक नव्हता, आणि मला त्याचंच कौतुक वाटतं. चौकटी उंच-खाली आणि तिरप्या करता येतील अशा बसवल्या, म्हणजे ज्या ठिकाणी हात घालायचा तो भाग बाईच्या समोर यावा, बाईने त्याच्यामागे जाऊ नये. टेबलाची उंची बदलता येऊ लागली. त्यामुळे तेच काम थोडा वेळ बसून, थोडा वेळ उभं राहून करणं शक्य झालं. खुर्च्या प्रत्येकीच्या मापाला बसवता येणाऱ्या आल्या, हाताला टेकू आला. हत्यारं वरून टांगली आणि त्यांचं वजन तोलून धरणारी सोय केली. आपल्या वाहन कारखान्यांत जिला बॅलन्सर म्हणतात तीच.

या सगळ्यात दंडाचा कोन हा कळीचा मुद्दा ठरला. पुढच्या मोजमापांतून ओरोस आणि सहकाऱ्यांनी काढलेला अंदाज असा : दंड पुढच्या बाजूला १५ अंशांच्या आत आणि बाजूला १० अंशांच्या आत राहिला, आणि हातातलं हत्यार हलकं असलं, तर खांद्याच्या दुखण्याची रजा सतत हातकाम न करणाऱ्या बायकांइतकी खाली येते. पंधरा अंश म्हणजे किती? दंड बरगड्यांना लागून खाली सोडा आणि कोपर जेमतेम चार बोटं पुढे न्या, तेवढंच. लाइनवर फिरताना कोणाची कोपरं अंगापासून सुटलेली आहेत एवढंच बघत गेलं, तरी वाईट जागा अर्ध्या तासात सापडतात. त्यासाठी इलेक्ट्रोड लागत नाहीत.

नव्या जागांवर स्थितिक भार चार टक्क्यांवरून दीड टक्क्याच्या आत आला. त्याच्याबरोबर खांद्याच्या दुखण्याची रजा दर कामगार-वर्षामागे सुमारे २३ दिवसांवरून दोनपेक्षा कमी दिवसांवर आली. हे मध्यक आकडे आहेत, म्हणजे गटातल्या मधल्या बाईचे. काही जणींचं दुखणं यानंतरही राहिलंच.

संपूर्ण कारखान्याचं चित्र : १९७५ ते १९८२ या काळात स्नायू-सांध्यांची रजा ५.३ वरून ३.१ टक्क्यांवर आली. नोकरी सोडण्याचं प्रमाण ३०.१ वरून ७.६ वर.

पैसे

१९८६ मध्ये या बदलांचा जमाखर्च प्रसिद्ध झाला. बारा वर्षांत कामाच्या जागा सुधारण्यावर सुमारे ३ लाख ४० हजार क्रोनर खर्च झाला होता. रजा घटल्यामुळे आणि नवी माणसं भरणं, शिकवणं कमी झाल्यामुळे वाचले सुमारे ३२ लाख. साधारण नऊपट.

एर्गोनॉमिक्सच्या, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवून घेण्याच्या शास्त्राच्या, सादरीकरणांत हा नऊपटीचा आकडा हमखास येतो, आणि तो ऐकून मालक लोक नेहमीप्रमाणे विचारतात की उत्पादन किती वाढलं. या हिशेबाची गंमत अशी की त्याला उत्पादन वाढीची गरजच पडली नाही. जो पैसा आधीपासून गळत होता, पण जेवणाच्या पैशासारखा 'रोजचा खर्च' म्हणून धरला जात होता, त्याची गळती थांबली एवढंच. तीस टक्के बायका दर वर्षी सोडून जातात, हे कुणी खर्चाच्या सदरात लिहीत नाही. बायका आहेत, लग्न होतं, मूल होतं, जातात, असं म्हणून विषय संपतो. कोंग्सविंगरला लग्नं आणि मुलं १९७५ नंतरही होतच होती. सोडून जाणं मात्र चौथ्या हिश्शावर आलं.

शंका

हे प्रकरण वाचून लगेच टाळ्या वाजवू नयेत. आधीची आठ वर्षं आणि नंतरची आठ वर्षं, अशी ही तुलना आहे. मधल्या काळात देशातही पुष्कळ काही बदललं. नॉर्वेचा कामाच्या परिस्थितीविषयीचा नवा कायदा १९७७ मध्ये आला आणि त्याने नीरस, साचेबंद काम टाळण्याची जबाबदारी मालकावर टाकली. सगळं श्रेय टेबलाला देता येणार नाही.

पण दोन गोष्टी उलट दिशेने ओढणाऱ्याही होत्या, आणि त्या फारशा कुणी सांगत नाही. पहिली : १९७८ पासून नॉर्वेत आजारपणाच्या रजेला पूर्ण पगार मिळू लागला. पूर्ण पगार मिळायला लागला की रजा वाढायला हवी, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. इथे ती कमी झाली. दुसरी जास्त बारीक आहे. आधीच्या काळात दुखणाऱ्या बायका सोडून जात आणि ताज्या दमाच्या येत, त्यामुळे ५.३ टक्के हा आकडाही खऱ्या दुखण्यापेक्षा कमीच दिसत असणार. नंतरच्या काळात बायका टिकल्या. म्हणजे दर बाईची नोकरीची वर्षं वाढली, आणि दुखणं तर वर्षांबरोबर वाढतं हे आधीच दिसलं होतं. तरीही रजा घटली. त्यामुळे मला वाटतं की टेबलाचा परिणाम आकड्यांत दिसतो त्यापेक्षा मोठा असावा, लहान नव्हे.

उरलेल्या ३.१ टक्क्यांचं काय? नॉर्वेतच चॉकलेट पॅक करणाऱ्या बायकांवर पुढे झालेल्या एका अभ्यासातून धागा मिळतो. ज्यांच्या स्नायूंत क्षणभराच्या, नकळत घेतलेल्या विश्रांत्या कमी होत्या, त्यांना पुढे खांद्याचं दुखणं जास्त झालं. काम तेच, पट्टा तोच, पण एकीचा खांदा मध्ये मध्ये अर्धा-पाऊण सेकंद सैल पडतो आणि दुसरीचा पडत नाही. यंत्राच्या गतीला बांधलेल्या माणसाला चांगलं टेबल देऊनही हा क्षण मिळेलच असं नाही. टार्गेटची चर्चा इथून सुरू होते, आणि ती टेबल-खुर्चीच्या चर्चेपेक्षा कितीतरी अवघड आहे.

पक्कड

विषयाला सोडून नसलेली एक गोष्ट. अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कारखान्यात नव्या कामगारांचे ४०-४० चे दोन गट शिकत होते. एका गटाला नेहमीची सरळ दांड्याची पक्कड, दुसऱ्याला वाकवलेल्या दांड्याची. सरळ पक्कड धरताना मनगट करंगळीकडे मुडपावं लागतं. दांडा वाकवला की मनगट सरळ राहतं. बारा आठवड्यांनंतर सरळ पक्कडवाल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त जणांना मनगट-कोपराचे विकार झाले होते, वाकड्या पक्कडवाल्यांत १० टक्के. 'हत्यार वाकवा, मनगट नको' ही एर्गोनॉमिक्सचे अभ्यासक एर्विन टिखाउअर यांची शिकवण या निष्कर्षांमुळे १९७० च्या दशकात सगळीकडे गेली. पण वाकडी पक्कड टेबलावरच्या सरळ कामाला चांगली. काम उभ्या फळीवर असेल तर तीच पक्कड मनगटाला उलटी मुडपते. हत्यार, फळी आणि माणसाची उंची हे तिन्ही एकत्र बसवावे लागतात. नुसती 'एर्गोनॉमिक' लिहिलेली वस्तू कॅटलॉगमधून मागवून भागत नाही.

आपल्याकडे

चाकण, पिंपरी किंवा तळेगावच्या बाजूला गाड्यांचे वायर हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, बांधणाऱ्या लाइनवर गेलं, तर कोंग्सविंगरचा जुना कारखाना ओळखू येतो. तिरपी फळी, तिच्यावर खिळे आणि क्लिपा, वायरी ओवत सरकणाऱ्या मुली. फळीची वरची कड पाच फूट तीन इंचाच्या मुलीला जमते, चार फूट दहाच्या मुलीला टाचा उचलाव्या लागतात. कुणीतरी पायाखाली लाकडी पाट देतं. तो पाट म्हणजे आपलं उंची बदलणारं टेबल, आणि त्याला हसू नये. पुष्कळदा तेवढ्यानेही कोपर खाली येतं. पण तो सुपरवायझरच्या मर्जीवर असतो, ऑडिटच्या दिवशी 'अडखळायचा धोका' म्हणून उचलला जातो आणि परत येत नाही.

उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यायची, म्हणजे कामातून जी संधी मिळेल तिचा फायदा घेऊन त्यांना विसावा घेता येईल, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिलेलं होतं. स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीचं हे कलम वाचताना नवल वाटतं की विसाव्याचा मुद्दा तेव्हा कायदा लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे, तिथे औद्योगिक एर्गोनॉमिक्सचं काम चालतं. भारतीय शरीरांची मापंही नव्वदच्या दशकात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेकडून छापली गेली, त्यामुळे 'परदेशी माप आपल्याला लागत नाही' ही सबब आता चालू नये.

माप मिळतं. नऊपटीचा हिशेब इथे मिळत नाही, आणि त्याचं कारण लाइनच्या रचनेत आहे. कोंग्सविंगरची बाई वर्षानुवर्षं एकाच पगारपत्रकावर होती, म्हणून डॉक्टरला तिची रजा आणि तिची वर्षं एकमेकांसमोर मांडता आली. आपल्या हार्नेस लाइनवरच्या पुष्कळ मुली ठेकेदारामार्फत येतात. दुखायला लागायच्या सुमारास एखादीचं कंत्राट संपतं, किंवा ती स्वतःच दुसऱ्या कंपनीच्या गेटवर उभी राहते आणि तिथल्या पहिल्या वैद्यकीय तपासणीत खांद्याचं काही बोलत नाही, कारण बोलली तर नोकरी जाईल. तिच्या दुखण्याची रजा एका ठेकेदाराच्या वहीत असते, सोडून जाण्याची तारीख दुसऱ्याच्या. कंपनीकडे यातली एकही वही नसते, त्यामुळे वाचलेला पैसाही कुणाच्या खात्यात दिसत नाही.

एखाद्या कंपनीला खरोखर सुरुवात करायची असेल, तर नव्या खुर्च्यांचं कोटेशन मागवण्याआधी ठेकेदाराला एक रकाना वाढवायला सांगावा : कोण सोडून गेलं, त्याच्या शेजारी ती कुठल्या फळीवर होती. एका वर्षात दोन-तीन फळ्यांचे नंबर पुन्हा पुन्हा येतील. त्या फळ्यांपाशी जाऊन कोपरं बघायची.